पाण्यात पाहणं

फॉर्म दोन पानी.
दुसऱ्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात:
‘या उपक्रमातील धोक्यांची मला पूर्ण कल्पना आहे.’
त्याखाली सहीची रेघ.

मला हसू आलं.
पार्सलच्या गोदामातली रात्रपाळी उरकून
सकाळी सहाला किचनच्या टेबलाशी बसलेली मी,
उत्तर मेम्फिसमधली, तेरा वर्षांच्या मुलीची आई,
आणि मला विचारताय, कल्पना आहे का?

यंदा ती चार बोटं उंच झाली.
तेवढ्यानंच दुकानातला माणूस
रॅकपासून रॅकपर्यंत तिच्या मागे फिरू लागला.
वर्गात जोरात हसली, तर नोंद ‘उर्मट’.
कोपऱ्यावरच्या खांबाशी कोर्टलँडसाठी लावलेल्या मेणबत्त्या,
तिच्याच बाकावरचा मुलगा तो,
मेण अजून फुटपाथला चिकटलेलं;
ती आता वळसा घालून शाळेत जाते.
याचा फॉर्म कुणी सहीला आणला नाही.

माझ्या आईच्या गावी पोहायचा तलाव होता, निळ्या फरशीचा.
कोर्टानं सांगितलं, सगळ्यांना उघडा.
त्यांनी त्यात सिमेंट ओतलं.
जे आम्हाला जन्मभर पाण्यात पाहत आले
त्यांना आम्ही पाण्यात दिसायला नको होतो.
म्हणून आई पोहायला शिकली नाही, मीही नाही,
आणि डेल्रॉयमामा एका रविवारी नदीवर, मासे धरताना...
असो.

सही केली.

रात्री तीन तास बसून वेण्या घातल्या, बारीक, घट्ट.
टोपी काही बसेना.
एवढे केस मनात धरून टोपी कुणी शिवलेलीच नाही.
शेवटी मिस ऑगस्टीननं स्वतःची काढून दिली.
एकतीस वर्षं सिटी बस चालवली तिनं,
पाण्यात उतरली ती पन्नाशीनंतर.
अजून ड्रायव्हरसारखीच बोलते:
‘पुढे सरका, पुढे पुष्कळ जागा आहे.’

मी काठावर, बुटांसकट.
पहिल्या दिवशी झानायानं कठडा सोडला नाही.
पुढच्या मंगळवारी नाकातोंडात पाणी.
मी उठलेच होते,
तिनं खोकत खोकत हात केला: बस खाली.
हुबेहूब माझा हात.

‘अंग सोड,’ मिस ऑगस्टीन म्हणाली.
अंग सोड!
खांदे आवर, हात खिशाबाहेर, आवाज खाली,
कुणी थांबवलं तर आधी ‘सर’ म्हण:
इतकी वर्षं घोकून घेतलेलं सगळं
या चार फूट पाण्यात बिनकामाचं.
आवळलेलं बुडतं.

मग ती पाठीवर आली.
कान पाण्याखाली.
म्हणजे आता मी हाक मारली तरी ऐकू जाणार नाही.
डोळे मिटलेले, तळवे उघडे,
मागे कोण, पुढे कोण, काही बघत नव्हती.
अकरा सेकंद. भिंतीवरचं घड्याळ साक्षीला आहे.

पाय टेकले, टोपी सरळ केली, म्हणाली,
‘मम्मा, छताच्या पाइपात एक फुगा अडकलाय. पिवळा.’
मी वाकून पाहिलं, मान तिरकी करून पाहिलं.

‘तिथून नाही दिसत,’ म्हणाली,
आणि पुन्हा मागे रेलली.