चाळीस खिडक्या

कुओपिओत डिसेंबरात दुपारी तीनलाच दिवेलागण होते.
मी कणीक मळतो, शिगेवरचं मांस आपल्याआप फिरत राहतं,
आणि कोपऱ्यात, ओल्या कोटांच्या खुंट्यांखाली,
वेन्लाचं यंत्र एकटंच उजळतं, विझतं.
प्लायवूडचं खोकं, तिनंच रंधलेलं.
एक दांडी, एक लाल बटण. बास.

ठेवताना म्हणाली, यानाला इंजिन नाही.
नुसती बंदूक आहे.
गोळी जाते एकीकडं, धक्का बसतो दुसरीकडं,
त्या धक्क्यावरच काय ते चालायचं.
डावीकडं जायचंय? उजवीकडं झाड.
घरी जायचंय? घराकडं पाठ कर आणि झाड.

आणि थांबायचं असेल तर?
ती हसली नाही.
थांबायचं तर घरावर.

पडद्याच्या टोकाला ते घर आहे,
चाळीस खिडक्या, पिवळ्या, चार-चार ठिपक्यांच्या.
वेगात आलास की वेग मोडायला झाडावंच लागतं,
एका गोळीला एक खिडकी विझते.
नाही झाडलीस तर आदळतोस,
मग चाळीसच्या चाळीस.

ट्रकवाले खेळतात, शिव्या घालतात, पुन्हा नाणं टाकतात.
रात्रपाळीची नर्स मीर्वा
अकरा खिडक्या राखून पोचली एकदा;
सगळ्या दुकानानं टाळ्या पिटल्या, मी तिला ताक फुकट दिलं.
अकरा. त्याच्या वर कुणी नाही.

मला हा खेळ कुणी शिकवावा लागला नाही.
सुलेमानियाहून मी असाच निघालो होतो,
आवाज पाठीमागं, मी पुढं.
जाऊ दे. पीठ सुकतंय.

वेन्ला सहा वर्षांची असताना
बापानं तिला कल्लावेसीच्या गोठल्या तळ्यावर उभं केलं,
वाऱ्यानं पुसून काढलेला बर्फ, आरशासारखा.
पाय टाकायला जावं तर पाय जागच्या जागी.
काठावरून तो ओरडला: बूट फेक!
तिनं फेकला. आणि सरकली, वीतभर, उलट्या बाजूला.
मग दुसरा. मग टोपी. मग डबा.
काठाला लागली तेव्हा अंगावर नुसता स्वेटर
आणि ती हसून हसून रडत होती.
एक बूट अजून तळ्याच्या तळाशी आहे, म्हणते.

तो बाप, ताउनो, फेब्रुवारीत आला.
चाळीस वर्षं ओंडक्यांचे तराफे ओढणाऱ्या बोटीवर काढलेली,
बोटं गाजरासारखी जाड, आणि तेवढीच बोलकी.
यंत्रासमोर बसला. चष्मा पुसला.
घराकडं पाठ केली, बटणाला बोट नुसतं टेकवलं,
एक गोळी सुटली
आणि हात मांडीवर.

आम्हाला वाटलं, अडकला.
एक पोरगा म्हणाला, आजोबा, दाबा ना!
यान मुंगीच्या पावलानं चाललं होतं.
शत्रू आजूबाजूनं गेले, एकानंही मान वळवली नाही.
दोन कबाब भाजून झाले, एकाचे पैसे घेतले, सुट्टे दिले,
तरी ते चाललंच होतं.
तराफ्याला ब्रेक नसतो, ताउनो कुणाला तरी म्हणाला.
त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं.

मग घराला लागलं.
टक्.
खिडक्या जरा हलल्या, वाऱ्यानं हलाव्यात तशा,
आणि राहिल्या. चाळीस.

यंत्रानं सात गुण दिले.
हजाराखाली नाव कोरायची सोय नाही.

वेन्लाच्या हातातली कॉफी गार झाली होती.
शत्रू का नाही आले? मी हळूच विचारलं.
ते ठिणगी बघून येतात, ती म्हणाली.
एकच ठिणगी असेल तर विसरून जातात.
मीच लिहिलं होतं. कुठल्याशा पहाटे.
माझ्या लक्षातसुद्धा नव्हतं.

ताउनोनं कानटोपी ओढली, दार अर्धं उघडलं,
थंडी आत आली, तो तिथंच थांबला.
बटण घट्ट आहे, म्हणाला,
आणि गेला.

दुसऱ्या दिवशी ती पेचकस घेऊन आली.
बटण सैल केलं, दोनदा दाबून बघितलं.
बाकी कशालाही हात लावला नाही.