दीड सूत

जुनी नळी मोडू न देता काढायची, मशाक मिस्त्री म्हणाला,
मागं गळूलालंय ताई, पण वळणं तशीच राहू द्या,
तेच नवीचं माप.
मी ती पेपरात गुंडाळली
आणि रिक्षात मांडीवर आडवी धरून निघाले पुणे नाक्याकडं.
एप्रिलचं ऊन, नळीची दोन्ही टोकं रिक्षाबाहेर.
सिग्नलला एका पोरानं विचारलं, मावशी, बासरी आहे का?

रेवणसिद्धनं चष्मा कपाळावर नेला. केवढी जाड?
दीड सूत, मी म्हणाले.
आमच्या घरात सूत नंबरानं यायचं,
वीस, चाळीस, दोन पदरी.
दीड म्हणजे किती
हे आज सकाळी फियाटखाली वाकून शिकले.

त्यानं तीन तुकडे काउंटरवर ठेवले.
तांबं, फ्रीजवाला वापरतो ते. हातानं वळतं, दिसायला लग्नातलं.
पण गाडी हादरत राहते, तांबं हादरून हादरून कडक होतं,
मग एक दिवस केसाएवढी चीर.
हे देणार नाही तुम्हाला, दाखवायला ठेवलंय.
लोखंड, वर जस्ताचा हात. स्वस्त, खमकं,
वळवताना मिस्त्रीला सगळ्या शिव्या आठवतात.
तिसरं तांबं-निकेल, मळकट,
भाव चौपट, गंज कशाशी खातात त्याला ठाऊक नाही.

सोलापुरात गंजायला पाणी कुठाय बे,
शेजारचं गिऱ्हाईक हसलं. लोखंडच दे त्यांना.

रेवणसिद्ध तोवर पेपर सोडून
जुन्या नळीवर बोट फिरवत होता.
मागच्या चाकाकडं बोट थांबलं.
हे कुणी केलं?

वीतभर तुकडा वेगळा होता तिथं
आणि दोन पितळी जोड, कड्यावर आवळलेले,
साइझिंगच्या मशीनला तेलाच्या नळीवर असतात तसले.
ब्रेकला हे चालत नाही, तो हळू म्हणाला.
दाब आला की कडं सरकतं.
कधी, ते सांगता येत नाही.

नान्ना डिकीतून ओल्या लडी आणायचे
डाईंगवरून कारखान्यात, टेम्पोचं भाडं वाचवायला.
लाल पाणी, निळं पाणी,
आणि रंग धरावा म्हणून त्यात ओतलेलं मीठ
डिकीच्या भोकातून थेंब थेंब, बरोबर इथं.

आम्ही हसायचो.
चौक दोन दुकानं लांब असताना गिअर उतरवायचे,
डावा हात सारखा हँडब्रेककडं.
काटा तीसच्या पुढं नाही.
भाऊ म्हणायचा, नान्ना, मागून हातमाग पुढं गेला.
मला बाळंतपणाला नेतानाही तीसच,
मी मागे ओरडतेय,
आणि ते मान न वळवता, पोदाम, पोदाम.

ठाऊक होतं त्यांना.
वीतभर नळीवर आम्ही पाचजण, किती वर्षं.
मला राग आला.
मग हिशेब आला, त्या साली नळी केवढ्याला असेल,
आणि माझी डी.एड.ची फी.
मग पुन्हा रागच आला.

तिसरी द्या. बारा फूट.
पर्समधून जुना टी काढून दिला.
पहिला नट दोन आटे फिरून अडला.
जबरदस्ती नको, रेवणसिद्ध म्हणाला,
बसला असं वाटतं, बसलेला नसतो.
दुसरा नुसत्या बोटांनी तळाला गेला.
मिस्त्रीला सांगा, टोकं दुहेरी दुमडायची,
आणि मधे जोड, एकसुद्धा नाही.

संध्याकाळी मी सीटवर, मशाक गाडीखाली.
दाबा. धरा. सोडा.
बाटलीत बुडबुडे, मग थोडे, मग एखादाच.
पितळी जोड डॅशबोर्डवर ठेवलेले,
एकात अजून निळा रंग.
दाबा.
पेडल अर्ध्यात येऊन घट्ट थांबलं.
धरलंय का ताई?
धरलंय.
सोडा आता,
तो खालून दोनदा म्हणाला.