बिननावाचं बटन

रुवीत, आमच्या खालच्या मजल्यावर
रुकय्या आपा परकार राहतात, मूळ दाभोळच्या.
अकरा वर्षं त्यांच्या हातचं जेवलो,
महिन्याला पंचवीस रियाल, शुक्रवारी सांदण.
मग साखरेनं त्यांचे डोळे नेले,
आधी उजवा, मग डाव्यातला बराचसा.
खानावळ बंद झाली.
चूल नाही.

मिठाच्या बरणीला एक रबर, साखरेच्या दोन
(साखर आता पाहुण्यांपुरती),
मिरचीच्या रबराला गाठ,
कारण तिथं चूक परवडत नाही.
इन्सुलिनच्या पेनाची टिकटिक ओठांत मोजतात,
चौदा झाल्या की थांबतात.
मोहरीच्या आवाजावर गॅस बारीक करतात.

परवा म्हणाल्या, "अरे, ह्या हॉस्पिटलचा काय ता बघ जरा.
फोन नुसता बटन बटन करतोय."

मी बघायला बसलो आणि ऐकत राहिलो.
त्यांचं बोट काचेवरून सरकत होतं
तांदूळ निवडताना सरकतं तसं,
आणि फोनमधली बाई न थकता सांगत होती:
बटन.
बटन.
चित्र, चार शून्य सात, अंतिम, नवीन अंतिम.
बटन.
कसलं, कुठं नेणारं, ते नाही.
मग: वेळ संपली. पहिल्यापासून सुरुवात करा.

"तीन दिवस ह्याच चाललाय," आपा म्हणाल्या.
"सुनेला विचारू शकते मी.
पण माझ्या अंगात काय काय बिघडलाय
ता सगळा तिनं कशाला वाचायचा?"

मी बोललो नाही.
ते पान माझंच होतं.
घाल्यात, सहाव्या मजल्यावर, मागच्या रमजानात केलेलं.
फिकट निळा रंग, गोल कडा,
बटनावर फक्त कॅलेंडरचं चित्र, अक्षर एक नाही.
"कसं मोकळं दिसतंय," साहेब म्हणालेले,
आणि मी अख्ख्या टीमला कराक पाजलेला.

नावासाठी जागा असते कोडमध्ये.
अवतरणचिन्हांची एक जोडी.
डोळसाला ती कधी दिसत नाही,
म्हणून मी तिच्यात काही घातलं नव्हतं.

शुक्रवारी ऑफिसात मी आणि एसी.
खिडकीबाहेर उघडे तपकिरी डोंगर,
त्यांनाही कुणी पाटी लावलेली नाही.
त्या चिन्हांच्या मधोमध लिहिलं:
डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या.
अरबीत लिहिलं, इंग्रजीत लिहिलं,
मराठीत नुसतं पुटपुटलो.
एक मिनिट लागलं असेल. खरं तर कमीच.
त्या एका मिनिटाची लाज
रुवीचा पूल येईपर्यंत पुरली.

संध्याकाळी आपांचं बोट तिथं टेकलं,
बाईनं नाव घेतलं, आपांनी मान हलवली,
ओळखीचं कुणी दारात आल्यावर हलवतात तशी.
पुढचं पान उघडलं. त्यावर नऊ चौकोन:
ज्यांत सिग्नल दिसतात ते निवडा,
तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा.

आपा हसल्या. बराच वेळ हसल्या.
"बासष्ट वर्षं झाली," म्हणाल्या,
"अजून सिद्ध नाय झाला?"

ते चौकोन मी केलेले नाहीत, मी म्हणालो,
दुसऱ्या कंपनीचे आहेत, साहेबांशी बोलावं लागेल,
पुढच्या तिमाहीत बहुतेक…
आपांनी ऐकून घेतलं. मग विचारलं,
"अशी बिननावाची बटनं अजून किती हायत?"

एकशे बारा, मी म्हणालो. मोजली होती.

त्या उठल्या. चार पावलं, डावीकडे वळून कपाट,
दुसरा खण, तेलकट डबी.
कोथिंबिरीच्या जुड्यांची साठवलेली रबरं
मूठभर काढून
माझ्या हातावर ठेवली.