ऑर्डर कोणाची

दुसऱ्यांच्या कापडावर माझी कात्री कधी अडखळली नाही.
झेलाबाईंच्या नातीच्या लग्नातलं ब्रोकेड,
रात्री अकरा वाजता, एका डोळ्यात झोप,
करकर कापत गेले सरळ.
हात थरथरला तो या मांजरपाटापुढे.

आठवडे बाजारातून आणून तीन वर्षं झाली.
मशीनच्या खालच्या फळीवर होता, घडी न मोडता.
आणि खाटेखाली गोडेतेलाचा चौकोनी डबा,
त्यात अकरा वर्षांच्या चिंध्या.
काहीतरी करायचंय त्यांचं, मी म्हणायची.
काहीतरी म्हणजे काय, राजधर विचारायचे,
मग मी भाजीत मीठ टाकायला उठायची.
आधीच टाकलेलं असायचं.

सांगायची लाज वाटे.
गल्ली करायची होती मला, कापडाची.
पारोळ्यातली ही आमचीच,
घारीला वरून दिसत असेल तशी.

वेळ नव्हता, हे खरं.
चार दिवसांआड नळ, तोही पहाटे,
जिनिंगचा डबा, देवयानीची वेणी,
सासूबाईंची बीपीची गोळी,
मग फॉल, पिको, हुक, काज
आणि ज्यांना आजच पाहिजे त्या सगळ्या जणी.
वेळ असता तरी मी हात लावला नसता, हेही खरं.
ब्लाउज बिघडला तर उसवून देता येतो.
हे बिघडलं तर
कोणाला उसवून देणार?

आखाजीच्या आदल्या आठवड्यात भर दुपारी लाईट गेली.
गच्चीवर बिबडे वाळत होते,
रस्ता उन्हाने पांढरा पडलेला, कुत्रंसुद्धा नाही.
मी ऑर्डरची वही उघडली.
नाव : माझं लिहिलं.
माप : एक रेघ.
ॲडव्हान्स : एक रेघ.
द्यायची तारीख,
तिथे पेन बराच वेळ टेकून राहिला,
शाईचा ठिपका मोठा होत गेला.
तोच ठेवला.

उखाबाईंचं घर त्यांच्या हिरव्या खणाचं.
मेहरूनचाचींचं गुलाबी सॅटिनचं, ईदच्या कुर्त्यातून उरलेल्या.
टीचरबाईंचं करडं, त्या पोलकंही करडंच घालतात.
हातपंपाला चंदेरी टिकल्या.
कडुनिंब केला, तर पत्ताकोबी झाली.
उसवली. पुन्हा केला.
पुन्हा कोबीच.
राहू दिली.

सासूबाई झोपेतून उठून आल्या.
"हाई काय शे? कोनी ऑर्डर शे?"
कोणाची नाही.
"मंग पैसा कोन देई?"
कोणी नाही.
त्यांनी चष्मा पदराला पुसला, वाकून पाहिलं.
"उखानं घर इतलं मोठं नही."
मी चार बोटं कमी केलं.
खरंच, नव्हतं तेवढं मोठं.

शाळेला सुट्टी, म्हणून देवयानी तिथेच लोळत होती.
ती म्हणाली, आई, आणि आपलं घर?

डबा उपडा केला.
अख्ख्या गल्लीच्या पाठी, बाह्या, गळे
फरशीवर पसरले.
त्यात माझा तुकडा एकही नाही.
लग्नातले ब्लाउज बहिणीने शिवलेले, माहेरी.
नंतर मी अंगात घातले ते तयार गाऊन,
दीडशेला एक, अडीचशेला दोन.
अकरा वर्षांत माझं माप
मीच कधी घेतलं नव्हतं.

अंगावरच्या गाऊनला एक खिसा होता,
तपकिरी, फुलाफुलांचा.
त्यात सेफ्टी पिना, कोणाचं तरी बटण, सुटे पैसे.
कात्री घेतली.
या खेपेला हात थरथरला
आणि थरथरतच कापत गेला.

खिसा लावला हातपंपाशेजारी,
तीन बाजूंनी टीप मारली,
वरची बाजू उघडी ठेवली.

सासूबाई माझ्या गाऊनच्या भोकाकडे बघत होत्या.
"आते पैसा कोठे ठेवशी व?"

घरात, म्हटलं,
आणि मुठीतलं दोनाचं नाणं आत टाकलं.