ताळा

ग्लदानी वस्ती, तिसरं प्रवेशद्वार, नऊ मजले.
लिफ्ट बंद पडून अकरा दिवस झाले होते.
नव्या कंट्रोलरची किंमत ऐकून
मी, इमारतीचा खजिनदार,
वही मिटली, पुन्हा उघडली.
शिल्लक तेवढीच.

लामारा म्हणाली, थांब.
एकाहत्तर वर्षांची बाई, दर जिन्याला एक शिवी देत
छपरावरच्या मोटारीच्या खोलीपर्यंत चढली
आणि रुमालात गुंडाळून एक चिप घेऊन उतरली,
डॉक्टरकडून आपलाच दात मागून आणावा तशी.

चोवीस पाय. पाठीवर काचेची खिडकी.
खिडकीवर कागदी पट्टी, अर्धी सुटलेली,
तिच्यावर निळ्या शाईत: जुं. म., ८७.
जुंबेरचं अक्षर, ती म्हणाली,
आणि या फटीतून इतक्या वर्षांचं ऊन आत गेलंय.
ऊन लागलं की ही जात विसरते.

तिने भावाचा नर्दीचा पट काढला, बिजागरी तुटलेला.
सोंगट्यांच्या जागी सॉकेट.
अकरा तारा पत्ता विचारणाऱ्या,
आठ उत्तर देणाऱ्या,
उरलेल्या पाच वीज आणि शिस्त यांच्यासाठी.
फासे ठेवायच्या खणात आठ तांबडे दिवे.
एकेक खटका वरखाली करत
दोन हजार अठ्ठेचाळीस घरांची दारं ठोठावायची.
मी वाचायचो, ती लिहायची. बाल्कनीत आलुबुखारच्या बरण्या,
मध्येच एखादं झाकण टक् करायचं.

दिवा लागला तर एक, नाही तर शून्य.
शून्य म्हणजे रिकामं, असं मी धरून चाललो होतो.
माझ्या वहीत तरी तसंच असतं.
इथे उलटं आहे, खजिनदार.
कोरी पाटी म्हणजे आठही दिवे लख्ख.
कुणी काही लिहिलं की एखादा विझतो.
आणि विसरणं म्हणजे
विझवलेला दिवा आपोआप लागणं.

तिसऱ्या रात्री दारांचा तक्ता सापडला,
कुठल्या मजल्यावर किती सेकंद उघडं राहायचं:
पाच, पाच, पाच, पाच, पाच,
तेरा,
पाच, पाच, पाच.

सहावा. तिथे कूजी राहायचा.
दोन कुबड्या, गळ्यात अडकवलेली दुधाची बरणी.
वीज नव्हती त्या हिवाळ्यात तो गेला,
आम्ही त्याला जिन्यानेच खाली आणलं.
आणि त्यानंतर इतकी वर्षं
सहाव्यावर रेंगाळणाऱ्या दाराला
लाथा मारत आलो.

मी चष्मा काढला. पण लामारा कागदावर दोन आकडे मांडत होती.
पाच: ०००००१०१
तेरा: ००००११०१
एका दिव्याचा फरक.
जुंबेरने तेरा लिहिलं असेल, ती म्हणाली.
किंवा पाच लिहिलं असेल, आणि नेमक्या त्या घरात ऊन शिरलं.

दाब कमी करून विचारलं, वाढवून विचारलं,
शंभर वेळा. दिवा एकदाही लुकलुकला नाही.
साक्षीदार इतका ठाम असला की मला उलट शंका येते.

ताळा पाहू, मी म्हणालो.
अगदी शेवटच्या घरात सगळ्यांची बेरीज ठेवायची रीत आहे ना?
शेवटचं घर: आठही दिवे लख्ख.
लिहिलीच नव्हती, की पुसली गेली, कोण सांगणार.

जुंबेर थेस्सालोनिकीला मुलीकडे असतो.
फोनवर त्याने मला मेहुणा समजून
मनसोक्त झापलं, मग विचारलं,
तिकडे द्राक्षं काढून झाली का?
झाली, मी म्हणालो. फेब्रुवारी होता.

नवी चिप लिहायला घेताना लामारा थांबली.
पाच की तेरा? वीजबिल तू भरतोस.
मी जादा सेकंदांना रोजच्या फेऱ्यांनी गुणलं,
हातचा धरायला विसरलो, पुन्हा गुणलं.

काल पेटीत नाणं टाकून वर निघालो.
बरोबर आठव्यावरचं पोरगं, सायकल उभी धरून,
सारखं बटण दाबत होतं.
सहाव्यावर दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं.
नऊ, मी मोजत होतो. दहा.
कुणाच्या तरी घरात कांदा परतत होते.
अकरा.