एक तास मागे

आमच्या राज्याला काँग्रेसच्या तीन जागा.
त्यातली एक शहराची, ओमाहाची.
टीव्हीवाले तिच्याच दारात तंबू ठोकून बसतात.
आमची तिसरी. नकाशात पाहिलं
तर उरलेलं जवळजवळ सगळं राज्य आमचंच,
माणसांपेक्षा गुरं जास्त,
आणि निकाल मे महिन्यातच लागलेला,
उमेदवारी ठरते त्या रात्री.

तरी पहाटे पाचला मी
लुथरन चर्चचं तळघर उघडते.
टेबलांवर पुठ्ठ्याचे आडोसे,
दोऱ्यानं बांधलेली काळी पेनं
(बांधली नाहीत तर लोक मत ठेवून पेन नेतात),
कॉफीचं पिंप.
सातला दार उघडून मोठ्यानं म्हणायचं असतं,
मतदान सुरू झालं आहे.
ऐकायला बहुधा फक्त आर्डिस असते.
अठ्ठावीस वर्षं झाली.

यंदा साखरबीटचा हंगाम लांबलाय.
महामार्गावर ट्रकांची रांग, मुंगीच्या पावलानं,
चिखल सांडत.
तोच चिखल पायरीवर आपटून
माणसं आत येतात, गोळे काळे करतात, जातात.
युलालिया मात्र वेळ घेते.
मांस कारखान्यातली दुसरी पाळी,
यंदाच नागरिक झालेली.
गोळा इतका जपून भरते,
जसं कुणी तान्ह्याचं नख कापावं.

पाच चाळीसला एमिल कुक्सहाउसेन आला.
टोपी काढली. स्वतःचं मत दिलं.
मग कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं.
"हे व्हर्नाचं. टपालानं आलेलं.
भरलं तिनंच. सहीपण तिचीच.
गुरुवारी गेली."

नियम मला पाठ आहे.
टपालाचं मत इथं घेत नाहीत.
कोर्टहाऊससमोरची पेटी, एकतीस मैल, सातच्या आत.
तेवढं मी सांगितलं.
गेलेल्या माणसाचं मत धरतात की नाही,
ते मला ठाऊक नव्हतं.
नियमांचं पुस्तक कोपराशीच होतं.
मी उघडलं नाही.

"बीटचे ट्रक असतील ना रस्त्यावर?"
असतील, म्हटलं.
स्टिकर दिला. तो जागचा हलेना.
मग मी रोलवरून आणखी एक सोलला.
दोन्ही त्यानं एकाच खिशावर लावले,
दुसरा जरा वाकडा.

राज्य एक आणि घड्याळं दोन.
पूर्वेकडे आठ वाजतात, तेव्हा आमच्याकडे सात.
मी दार लावलं.
सात वाजून एक मिनिटानं
आर्डिसच्या फोनवर आमची जागा जाहीर झाली.
आमच्या पेटीला अजून सीलही लागलं नव्हतं.
"कॉफी उरलीय बरीच," आर्डिस म्हणाली.

सह्या दोनशे बारा.
मतपत्रिका दोनशे बारा.
आर्डिसनं हट्टानं रोलही मोजला:
स्टिकर दोनशे तेरा.
त्यासाठी तक्त्यात रकाना नाही.

पेटी मी शेजारच्या सीटवर ठेवली,
तिला पट्टा लावला, निघाले.
रेडिओवर ओमाहाची रस्सीखेच,
शे-दोनशे मतं इकडे, शे-दोनशे तिकडे,
तज्ज्ञांना श्वास पुरत नव्हता.
मी बंद केला.
समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे बघत राहिले,
कारण एमिलच्या पिकअपचा डावा दिवा
उन्हाळ्यापासून गेलेला आहे,
आणि व्हर्ना दर रविवारी त्यावरून त्याला बोलायची.

पुलाच्या अलीकडे दिसली ती एकडोळी गाडी.
सावकाश येत होती, घाई संपलेल्या माणसाची.
मी दिवे मिचकावले.
त्यानंही मिचकावला, होता तेवढा एक.

पेटीत टाकून परतत होता,
की बंद झडपेला हात लावून,
एवढ्यावरून काय समजायचं?
पुढचा ट्रक वळणावर डचमळला,
एक बीट निसटून रस्त्यावर आलं,
मी ते चुकवलं,
एक हात पेटीवर ठेवून.