त्सिआलाचा हातआरसा

आरसा पडला तो तिच्या डाव्या हातातून.
हाताला कळलंच नाही आपण काही धरलं होतं ते.
आधी दांडा मानेशी मोडला, मग काच
चुलीपासून पलंगापर्यंत,
एक तुकडा थेट अक्रोडांच्या टोपलीत.

शेजारची लामारा म्हणाली, फुटका आरसा घरात ठेवू नये,
नदीत सोड.
मी म्हटलं, खाणीच्या पाण्यानं नदी आधीच काळी,
तिला आणखी कशाला तोंड दाखवायचं?

एकतीस वर्षं मी चिआतुरात रोपवे सांभाळला.
दरीवरून खाणकामगार जायचे, त्यांच्या जेवणाचे डबे जायचे,
एकदा एक शेळीही.
मला काय हातभर आरसा जड?

आणि तो लागणारच होता.
दर मंगळवारी कुताइसीहून एक मुलगी येते, थेओना,
तिनं सांगितलंय: दिवसातून दोनदा आरशात बघून
आ, ए, इ, ओ, ऊ.
ओठांच्या दोन्ही बाजू सोबत निघाल्या पाहिजेत.
त्सिआलाची एकच निघते.
दुसरी दारात उभी राहते,
चप्पल सापडत नसल्यासारखी.

पाठ चुलीच्या धगीवर शेकली, जुना डिंक सैल झाला.
वेल्डिंगचे हातमोजे घालून उरलेली काच उपटली.
खाली वर्तमानपत्राची घडी, कुठल्याशा योजनेची अर्धी ओळ,
आणि शिसपेन्सिलीनं किंमत: दोन रूबल चाळीस.
लग्नाच्या वर्षीचा ना गं हा? मी विचारलं.
तिनं भुवई उचलली. उजवी.

काच कुठून आणायची?
माझा दाढीचा आरसा भिंतीवरून उतरवला.
कागदाचा लंबगोल कापून त्यावर ठेवला,
चाक रॉकेलमध्ये बुडवलं.
रेघ एकदाच ओढायची असते,
परत फिरवली की काच रुसते.
माझा हात मध्येच थबकला.
तडा गेला तो तिला वाटेल तिकडे.

पलंगावरून हसल्यासारखा आवाज आला.
मी वळून पाहिलं नाही.

उरलेल्या अर्ध्यात दुसरा लंबगोल जेमतेम बसला.
या खेपेला श्वास धरून, खालून टिचक्या मारत.
ओल्या दगडावर कड घासली,
बोट तक्रार करेनासं होईपर्यंत.
तरी एका बाजूला तांदळाएवढी फट राहिली.
ती मेणबत्तीच्या मेणानं बुजवली. दिसते. दिसू दे.

मानेत स्क्रू घालवेना, लाकूड चिरलं असतं.
माळ्यावर जुन्या दोराचा एक तुकडा होता
(गोदामातून कसा आला ते विचारू नका).
त्यातली एक तार उलगडली,
दोन्हीकडे भोकं पाडून आत सरकवली,
सरस, आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी, करकचून.
जी तार दरीवर माणसं पेलायची, वगैरे,
असलं काही मला तेव्हा सुचलं नाही.
मी फक्त म्हणालो, सकाळपर्यंत हलवू नकोस.
आणि ती हलणार तरी कुठे होती.

सकाळी मोरीवर मी काचेचा एक तिकोनी तुकडा चिकटवला.
त्यात एका वेळी एकच गाल मावतो.
एक गाल केला, मान वळवली, दुसरा केला,
मग पट्टी सोडून आरसा तिच्या उजव्या हातात दिला.
तिनं डावाही वर आणला, आधाराला,
दांड्यावर नुसता ठेवला.

म्हण, मी म्हटलं. आ.
तिनं आरशात पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.
आ, ती म्हणाली.
छान. आता ए.
आ, ती म्हणाली, जोरात, चिडून,
आणि आरसा हळूहळू माझ्याकडे वळवला.
माझ्या कानाखाली दोन बोटं पांढरी दाढी तशीच राहिली होती.
आक, ती म्हणाली.

आमच्या भाषेत आक म्हणजे इथे.

मी चुलीवर पुन्हा पाणी ठेवलं.